खडकांची जंत्री

पेशवे दफ्तरातले पत्र वाचायला घेतले की तारखेच्या जागी बहुधा शुहूर सन भेटतो. अभ्यासक त्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवतो आणि इसवी सन काढतो. नेमके किती मिळवायचे, हे पत्र मृगसालाच्या, म्हणजे मृग नक्षत्रापासून सुरू होणाऱ्या वर्षाच्या, कोणत्या महिन्यातले आहे यावर ठरते. शकाचे, हिजरीचे, राज्याभिषेक शकाचे गणित आणखी वेगळे. म्हणून चांगला संपादक पत्र छापताना मूळ तारीख जशीच्या तशी ठेवतो आणि तिच्याशेजारी आपण काढलेली इसवी तारीख देतो. मूळ तारीख गाळून फक्त इसवी छापली, तर रूपांतरात झालेली चूक पुढच्या माणसाला सापडण्याचा मार्गच उरत नाही. मराठी इतिहाससंशोधनाने ही शिस्त जंत्र्या आणि शकावल्या तयार करून अंगी बाणवली. खडकांच्या इतिहासालाही हीच शिस्त लागते, आणि ती पाळण्यात आपण कमी पडलो आहोत, असे माझे म्हणणे आहे. प्रत्येक प्रदेशाच्या खडकांना स्वतःचा एक सन असतो. तो त्या खडकांत प्रत्यक्ष जे दिसते त्यावर मांडलेला असतो. कँब्रियन, पर्मियन, जुरासिक, क्रिटेशस ही जगभर चालणारी नावे म्हणजे त्या स्थानिक नोंदीचे रूपांतर होय. रूपांतर हवेच, पण मूळ नोंद पुसून नको.

जागतिक म्हणवणारी ही कालश्रेणी मुळात कुठली, हे पाहिले की बरेच उलगडते. कँब्रियन हे नाव वेल्सच्या जुन्या लॅटिन नावावरून आले. ऑर्डोव्हिशियन आणि सिल्युरियन ही वेल्सच्या परिसरातल्या प्राचीन टोळ्यांची नावे. डेव्होनियन इंग्लंडच्या डेव्हन परगण्याचे. मर्चिसन रशियात गेला आणि १८४१ मध्ये पर्म शहरावरून त्याने पर्मियन हे नाव दिले. जुरासिक हे नाव फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा डोंगराचे. यांत सर्वांत बोलके उदाहरण ट्रायासिकचे. १८३४ मध्ये फॉन आल्बर्टीने जर्मनीतल्या तीन थरांना एकत्र बांधून हे नाव घडवले: खाली तांबडा वालुकाश्म, मध्ये शिंपल्यांचा चुनखडक, वर रंगीत मातीचे थर. तीन थरांचा म्हणून ट्रायासिक. पण इंग्लंडमध्ये मधला चुनखडक नाहीच. म्हणजे शेजारच्या देशात पोचता पोचताच त्या नावातला ‘तीन’ खोटा ठरला. तरीही नाव टिकले आणि जगभर गेले, कारण त्या काळी खडकांचा पद्धतशीर अभ्यास पश्चिम युरोपात सर्वांत आधी झाला. १८८१ च्या बोलोन्या परिषदेत या संज्ञांना आंतरराष्ट्रीय शिस्त लावायला सुरुवात झाली, तेव्हा हाताशी असलेल्या संज्ञा युरोपच्याच होत्या. यात कुणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. पण एका कोपऱ्याचे पंचांग सगळ्यांचे झाले म्हणून ते कोपऱ्याचे नव्हतेच, असे होत नाही.

मूळ नोंद सोडून रूपांतराची घाई केली की काय होते, याचा धडा एकोणिसाव्या शतकात गोंडवन खडकांनी दिला. जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसॉप्टेरिस ही वनस्पती भारताच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या कोळशाच्या थरांत विपुल सापडते; युरोपात ती मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या कोळशाचे वय ठरवताना फ्रेडरिक मॅकॉय याने तिथल्या वनस्पतींची तुलना इंग्लंडच्या जुरासिक वनस्पतींशी केली आणि ते थर मध्यजीव काळातले ठरवले. विल्यम क्लार्क हा तिथेच डोंगर पालथे घालणारा पाद्री. त्याचे म्हणणे असे की त्याच कोळशाच्या संगतीने समुद्री शिंपल्यांचे थर आहेत आणि ते शिंपले पुराजीव काळातले आहेत. हा वाद कित्येक वर्षे चालला. भारतातही तेच घडले. इथल्या कोळशाच्या दामुदा थरांना फाइस्टमांटेल हा अभ्यासक वनस्पतींवरून ट्रायासिक मानत होता, आणि ब्लॅनफर्डने १८८४ मध्ये माँट्रियलच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात जमिनीवरचे आणि समुद्रातले जीवाश्म एकमेकांविरुद्ध कशी साक्ष देतात हे सविस्तर मांडले. शेवटी हे कोळशाचे थर पर्मियन, म्हणजे पुराजीव काळातलेच, ठरले. पण या साऱ्या गोंधळात भारतातले प्रत्यक्ष काम अडले नाही, कारण मेडलिकटने १८७२ मध्ये ‘गोंडवन’ हे नाव देऊन ठेवले होते आणि त्याच्या पोटात तालचीर, बराकर, राणीगंज, पंचेत असा क्रम लागत होता. नागपूरजवळच्या कामठीवरून कामठी थर हे नावही याच कुटुंबातले. पर्मियन की ट्रायासिक, हा वाद वर चालू राहिला. खाणीत उतरणाऱ्याला मात्र बराकरच्या वर राणीगंज आहे एवढे पक्के ठाऊक होते. पुढे एडुआर्ड झ्यूसने १८८५ मध्ये गोंडांच्या भूमीचे हे नाव एका अख्ख्या लुप्त खंडाला दिले.

विंध्य खडकांची गोष्ट याहून नाट्यमय आहे आणि अगदी अलीकडची आहे. १९९८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ झाइलाखर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या चोरहाट वालुकाश्मात शंभर कोटी वर्षांहून जुन्या किड्यांची बिळे सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी आझमी यांनी रोहतास चुनखडकातून कवचधारी सूक्ष्म जीवाश्म मिळाल्याचे सांगितले. तसे जीवाश्म कँब्रियनच्या आरंभीचे मानले जातात, म्हणजे खडकाचे वय सुमारे चौपन्न कोटींवर येत होते. एकाच खडकमालेला दोन वये, दोहोंत पन्नास कोटी वर्षांचे अंतर. २००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी खालच्या विंध्यातल्या ज्वालामुखी राखेतल्या झिरकॉन स्फटिकांचे वय काढले. ते निघाले सुमारे १६३ कोटी वर्षे. पुढे २००९ मध्ये आझमींचे जीवाश्म खरेच जीवाश्म असल्याचे सिद्ध झाले, पण ते कँब्रियनचे नव्हते, एकशे साठ कोटी वर्षांपूर्वीचे होते. म्हणजे माणूस खोटा नव्हता. रूपांतराची किल्लीच या कुलपाची नव्हती. वरच्या विंध्य (भांडेर) थरांबद्दल २०२१ मध्ये पुन्हा तसेच झाले. भीमबेटकाच्या गुहेत पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या प्राण्याचा ठसा मिळाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि २०२३ मध्ये तो ठसा म्हणजे गळून पडलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा डाग असल्याचे दाखवून दिले गेले. या सगळ्या काळात ‘रोहतास’, ‘चोरहाट’, ‘भांडेर’ ही नावे आणि त्यांचा क्रम इंचभर हलला नाही. वय शंभर कोटींनी पुढे-मागे झाले. नोंद तिथेच राहिली. नोंद टिकली म्हणूनच चूक पकडता आली.

हे तत्त्व नकळत पाळणे वेगळे आणि ठरवून त्याची संस्था उभी करणे वेगळे. ते न्यूझीलंडने केले. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी ती भूमी गोंडवन खंडापासून सुटली आणि तिथल्या समुद्रातले शिंपले, गोगलगायी आपल्या वाटेने बदलत गेल्या. लायलने १८३३ मध्ये इओसीन, मायोसीन, प्लायोसीन ही युगे पाडली ती थरात सापडणाऱ्या शिंपल्यांपैकी शेकडा किती जाती आज जिवंत आहेत यावर. आणि ते शेकडे युरोपच्या शिंपल्यांचे. दुसऱ्या टोकाच्या बेटावर, जिथे जातीच निराळ्या, तिथे हा हिशेब लागू कसा होणार? जेम्स ॲलन थॉमसनने १९१६ मध्ये सांगितले की न्यूझीलंडने आपले टप्पे आपल्याच थरांवरून पाडावेत. सूक्ष्मजीवाश्मांचा जाणकार फिन्ले आणि शिंपल्यांचा जाणकार मार्विक यांनी १९४० मध्ये क्रिटेशसच्या उत्तरार्धापासून पुढची सगळी श्रेणी नव्याने मांडली. नुकुमारू, कॅसलक्लिफ, वाइपिपी अशी किनाऱ्यावरच्या, कडेकपारीच्या गावांची नावे टप्प्यांना मिळाली. ही श्रेणी त्यांनी कपाटात ठेवून दिली नाही. राखेच्या थरांची वये, चुंबकीय उलथापालथी, खोल समुद्रातल्या गाळाचे नमुने यांनी तिच्यात सतत भर पडत गेली आणि २००४ मध्ये कूपर यांच्या संपादनाखाली तिचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात प्रत्येक स्थानिक टप्प्याशेजारी जागतिक श्रेणीतली जागा आणि वर्षांतले वय दिलेले आहे. ही खरी जंत्री. तिचा उपयोग २००९ मध्ये दिसला. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय निर्णयाने प्लाइस्टोसीनचा आरंभ सुमारे १८ लाख वर्षांवरून २५.८ लाख वर्षांवर नेला गेला. ज्यांनी आपल्या थरांवर फक्त ‘प्लाइस्टोसीन’ लिहून ठेवले होते, त्यांच्या जुन्या नोंदींचा अर्थ रातोरात बदलला. नुकुमारूच्या टप्प्याची सीमा होती तिथेच राहिली. जंत्रीतला एक रकाना तेवढा दुरुस्त झाला.

भारतात असा प्रयत्न त्याआधी झाला होता, आणि तो का फसला हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा संचालक टॉमस हॉलंड याने १९०६ मध्ये भारतीय खडकांचे चार महासंघ पाडले: आर्कियन, पुराण, द्राविड आणि आर्य. त्याचे मूळ निरीक्षण खरे होते. युरोपचे पुराजीव, मध्यजीव, नवजीव हे भाग भारताच्या द्वीपकल्पावर नीट बसत नाहीत. पुराजीव आणि मध्यजीव यांमधली जगप्रसिद्ध सीमारेषा गोंडवन थरांच्या पोटातून जाते आणि तिथे गाळाच्या क्रमात मोठा खंड दिसत नाही. मोठे खंड दुसरीकडेच आहेत: एक अतिप्राचीन रूपांतरित खडक आणि त्यांच्यावर आडवे पसरलेले कडप्पा-विंध्य यांच्यामध्ये, आणि दुसरा गोंडवनच्या तळाशी, तालचीरच्या हिमनदीने आणलेल्या दगडगोट्यांच्या थरापाशी. आपल्या भूमीने जिथे पान उलटले तिथेच अध्याय पाडावा, हा हॉलंडचा विचार मला आजही योग्य वाटतो. वाडियांच्या १९१९ च्या ग्रंथातून तो पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचलाही. पण त्याने दोन चुका केल्या. पहिली नावांची. द्राविड आणि आर्य हे शब्द त्या काळच्या भाषाशास्त्राच्या आणि वंशकल्पनांच्या बाजारातून उचललेले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या थरांना माणसांच्या वादग्रस्त गटांची नावे चिकटवल्याने खडकाबद्दल काहीच कळत नाही. उलट नको ते सूचित होते. दुसरी चूक त्याहून मोठी. त्याने अख्खा भारत एक प्रदेश मानला. द्वीपकल्पावर द्राविड महासंघाचे खडक जवळजवळ नाहीतच, आणि हिमालयातल्या स्पितीत मात्र त्याच, म्हणजे पुराजीव, काळातल्या समुद्री थरांची सलग माळ आहे. एका फूटपट्टीने दोन्ही मोजायला गेल्यावर ती कुठेच बसेना. राज्याच्या सीमा आणि खडकांच्या सीमा यांची गल्लत झाली. यातला ‘पुराण’ हा शब्द मात्र कडप्पा, विंध्य, कलादगी, भीमा या खोऱ्यांसाठी आजही चालतो. कारण ते सगळे खडक खरोखर एका जातीचे आहेत, आणि नावाने त्यांना एकत्र बांधणे कामाचे ठरते.

आता आपल्या दाराशी येऊ. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, थरावर थर चढलेला लाव्हा. लाव्ह्यात जीवाश्म नसतात. दोन थरांमधल्या जुन्या तळ्यांच्या गाळात ते मिळतात, पण घाटातल्या मुख्य थप्पीत तसा गाळ फार विरळ. वरवर पाहता एक थर दुसऱ्यासारखाच. तरी १९८० च्या दशकात बेरियम, स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम यांचे प्रमाण आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर मोजून अभ्यासकांनी या थप्पीचे विभाग पाडले. त्यांची नावे आपल्या रोजच्या नकाशातली आहेत: तळाशी जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा आणि बुशे, त्यांच्यावर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. कोणत्या लाव्ह्याने वर येताना भूकवचाचा खडक किती विरघळवून घेतला, हे त्याच्या रसायनात उतरते. आंबेनळीच्या थरांत ती भेसळ अगदी कमी, बुशेत भरपूर. या नावांचे मोल २०१९ मध्ये जगाला कळले. डायनोसॉरांचा अंत झाला त्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सीमेशी हा लाव्हा कसा जुळतो, यावर दोन गटांचे निबंध एकाच वेळी निघाले. एकाने झिरकॉनवरून वय काढले, दुसऱ्याने आर्गॉन वायूवरून. सीमारेषा थप्पीत नेमकी कुठे पडते आणि लाव्हा झटक्याझटक्याने आला की बराचसा सलग, यावर त्यांचे जुळले नाही. पण दोघेही बोलत होते पोलादपूर, आंबेनळी याच भाषेत, म्हणून मतभेद किती आणि कोणत्या थरापाशी आहे हे बोट ठेवून दाखवता आले. दोघांनी नुसते ‘क्रिटेशसचा शेवट’ म्हटले असते, तर वादच उभा राहिला नसता. कारण तो शेवट थप्पीत नेमका कुठे पडतो, हाच वादाचा विषय होता.

यावर भूशास्त्राचा जाणकार एक रास्त आक्षेप घेईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. गोंडवन, विंध्य, पोलादपूर ही खडकांची नावे आहेत, काळाची नव्हेत. खडकाचा एक पट्टा एका ठिकाणी आधी आणि दुसऱ्या ठिकाणी उशिरा साचू शकतो. एकच नाव धारण करणारा थर सगळीकडे समवयस्क असेलच असे नाही. हे पूर्ण मान्य. किंबहुना आपल्याकडे राहून गेलेले काम तेच आहे. न्यूझीलंडने थरांच्या नावांपासून सुरुवात केली, पण प्रत्येक टप्प्याचा आरंभ कोणत्या कड्यावर, कोणत्या जीवाच्या पहिल्या किंवा शेवटच्या खुणेपाशी धरायचा हे ठरवत नेऊन खडकाच्या नावातून काळाचे नाव घडवले. आपल्या उपखंडात त्याच्या सर्वांत जवळ पोचले ते शिवालिकचे काम. गाय पिलग्रिमने विसाव्या शतकाच्या आरंभी सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवरून चिंजी, नागरी, धोक पठाण, तात्रोत, पिंजोर असे टप्पे लावले आणि ते पाकिस्तानातल्या पोठोहारपासून हरियाणातल्या पिंजोरपर्यंत उपयोगी पडतात. इतरत्र आपण खडकाला नाव दिले आणि त्याच्यापुढे थेट युरोपची संज्ञा लिहून टाकली. मधली पायरी बांधलीच नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. आता वये लाखांच्या अचूकतेने निघतात, मग नावे हवीत कशाला? पण वय निघते ते त्या थराचे, ज्यात झिरकॉन किंवा राख आहे. गोंडवनच्या वालुकाश्मांत, विंध्याच्या चुनखडकांत असे थर मोजके. दोन मोजलेल्या थरांमधल्या शेकडो मीटर खडकाला आकडा नसतो, क्रम असतो, आणि क्रम सांगायला नाव लागते. तिसरा आक्षेप गोंधळाचा: प्रत्येकाने आपली नावे काढली तर बोलायचे कसे? कच्छच्या जुरासिक थरांना श्टोलिच्काच्या मांडणीतली पच्छम, चारी, कटरोल, उमिया ही नावे होती. बिस्वास यांनी १९७७ मध्ये झुरियो, जुमारा, झुरान, भूज अशी वेगळी मांडली. सह्याद्रीतही रासायनिक विभागणीशेजारी सर्वेक्षणाची साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, दिवेघाट, पुरंदरगड अशी दुसरी विभागणी आहे; ती लाव्ह्याच्या बाह्य स्वरूपावरून केलेली. ही दुहेरी नावे पाहून विद्यार्थी भांबावतो हे खरे. पण दोन्ही विभागण्या वेगवेगळ्या पुराव्यांवर उभ्या आहेत. त्यातली एक पुसून टाकली तर पुरावाही पुसला जाईल. दोन्हींचा मेळ घालणारा, घाटागणिक तपासलेला तक्ता तयार करणे हाच त्यावरचा उपाय.

उरतो अभिमानाचा मुद्दा. २०१८ मध्ये गेल्या ४,२०० वर्षांच्या काळाला ‘मेघालयन’ हे नाव मिळाले, कारण त्याची आरंभखूण मेघालयातल्या सोहराजवळच्या मॉम्लूह गुहेतल्या एका चुनखांबात ठरवली गेली. आपल्याला आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता. पण नाव म्हणजे मालकी नव्हे. ट्रायासिकच्या पहिल्या टप्प्याला सिंधू नदीवरून इंडुअन म्हणतात आणि त्याची अधिकृत आरंभखूण आहे चीनमधल्या मेइशान इथे. मेघालयनवर पुरातत्त्वज्ञांनी घेतलेली हरकतही ऐकण्यासारखी आहे: त्या सुमाराचा दुष्काळ सगळीकडे एकाच वेळी, एकाच तीव्रतेने आला आणि त्याने संस्कृती बुडवल्या, असे सरसकट म्हणता येत नाही. एका गुहेची नोंद जगाची करताना जी सावधगिरी हवी, तीच जगाची संज्ञा एका खोऱ्यावर लादतानाही हवी. मी स्थानिक श्रेणीचा आग्रह धरतो तो आपले नाव जगाच्या तक्त्यात झळकावे म्हणून नाही. आपल्या खडकाची साक्ष आधी त्याच्याच शब्दांत लिहिली जावी, एवढ्यासाठी.

ती साक्ष लिहायची तर साक्षीदार जागेवर राहिला पाहिजे. १९७२ मध्ये चेक भूमीतल्या क्लोंक इथे सिल्युरियन-डेव्होनियन सीमेची पहिली आंतरराष्ट्रीय खूण निश्चित झाली, तेव्हापासून जागतिक श्रेणीच्या सीमाही एकेका ठिकाणच्या एकेका बिंदूला बांधल्या जाऊ लागल्या. तो कडा राहिला तर व्याख्या राहते. सह्याद्रीतल्या आपल्या नावांचे कडे बहुतांशी घाटरस्त्यांच्या कापणीत उघडे पडले आहेत. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट हा त्यांतला अग्रगण्य. रस्ता रुंद करताना, दरड थोपवण्यासाठी काँक्रीटचा थर फवारताना, कोणता तुकडा उघडा ठेवायचा हे भूशास्त्राच्या जाणकाराला विचारून ठरवले, तर सुरक्षितता आणि नोंद दोन्ही सांभाळता येतील. लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्राच्या विद्यापीठांतल्या भूशास्त्र विभागांनी, सर्वेक्षणाने आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने एकत्र बसून जव्हारपासून पन्हाळ्यापर्यंतच्या प्रत्येक विभागासाठी किमान एक मूळ कडा निवडावा, त्यावर त्याचे नाव आणि सीमा कोरावी, आणि तो बुजवू नये. पुण्यात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आपण सांभाळले आहेत. हे रुमाल घाटात उघड्यावर पडलेले आहेत.